नथी करताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, पक्कड कशी निवडावी?

मोतीनथ_कल्याण

नमस्कार. गेली अकरा वर्षं मी घरी मोत्यांच्या नथी करते. बानू नथ, पेशवाई नथ, लहान मुलींच्या दाबाच्या नथी. जोडीला तन्मणी, चिंचपेटी आणि मोत्यांच्या बांगड्या. सांगाडा २० गेजच्या तारेचा आणि त्यावर बारीक तारेने एकेक मोती बांधत जायचं, हे बहुतेकांना माहीत असेलच. साध्या दिवसांत रोज चार-पाच नथी होतात. श्रावण लागला की आठ-नऊ.

मागच्या दिवाळीपासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तो मनगटाला मिळतो तिथे, कळ येते. आधी फक्त रात्री यायची. आता सकाळी दुधाची पिशवी कात्रीने कापतानाही येते. लोणच्याची बरणी उघडायला मुलाला हाक मारावी लागते. कामाला बसलं की पहिला अर्धा तास बरा जातो, मग दर कडी वळवताना दात आवळले जातात.

माझी हत्यारं सांगते. राउंड नोज (गोल टोकांची पक्कड), चपटी पक्कड आणि कटर असे तीन नग एकाच पिशवीत भुलेश्वरला घेतले होते, त्याला सहा वर्षं झाली. मुठींना निळं पातळ प्लास्टिक आहे, ते आता घामाने चिकट झालंय. तळहाताच्या मधोमध दोन छोटे गोल घट्टे पडलेत. ते मला आजवर कष्टाचे वाटायचे. परवा पक्कड हातात धरून नीट पाहिलं, तर तिच्या मुठींची टोकं बरोबर तिथेच रुततात.

आता नवीन घ्यायची आहेत. ऑनलाइन पाहिलं तर अडीचशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत पकडी आहेत. 'अर्गोनॉमिक' असं सगळ्यांवरच लिहिलंय. कुणाला बोटांच्या खाचा, कुणाला फोम, कुणाला वाकडी मूठ. पैसे खर्च करायची माझी तयारी आहे, कारण घरातला एका मुलीच्या फीचा भाग या नथींवर चालतो आणि हात गेला तर सगळंच गेलं. पण एवढ्या किमतीची वस्तू हातात न धरता मागवायची, हे मनाला पटत नाही. काय बघून घ्यावं? तुम्ही काय वापरता? गौरी-गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायला सात आठवडे आहेत.

---

हस्तोपचार_पुणे

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, माझं काम हाताच्याच पेशंटांचं. इथे लिहून निदान होत नाही, त्यामुळे आधी विनंती: हाडांच्या डॉक्टरांना किंवा हाताच्या थेरपिस्टना एकदा प्रत्यक्ष दाखवा. अंगठ्याच्या बाजूला दुखण्याची कारणं निरनिराळी असतात. मुळाचा सांधा झिजतो तेव्हा बरणी उघडताना, किल्ली फिरवताना दुखतं. मनगटाच्या कडेने अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज येते तेव्हा मूठ करंगळीकडे झुकवली की चमक निघते. आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातून तळहातात जाणाऱ्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. त्या तिसऱ्या प्रकारात अजिबात थांबू नका. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांचा याच्याशी संबंध असतो.

पकडीच्या निवडीसाठी मला काही गोष्टी कळायला हव्यात. तुमच्या तळहाताची रुंदी किती? अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी आडवी पट्टी ठेवून मोजा. आत्ताच्या पकडीची मूठ, म्हणजे सांध्यापासून शेवटपर्यंतचा भाग, किती मिलिमीटर? सर्वात जास्त कळ कशाने येते: कापताना, वळवताना की बारीक तार ओढताना? आणि डावा हात काय करत असतो?

शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. चिमटीत वस्तू धरताना बोटांच्या टोकाशी जितका जोर लागतो, त्याच्या दहा-बारा पट दाब अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर पडतो. म्हणजे नुसतं मोती धरून बसणं हेसुद्धा त्या सांध्याला काम आहे.

---

मोतीनथ_कल्याण

ताई, धन्यवाद. मोजलं.

तळहात ७८ मिमी. पकडीची मूठ ६८ मिमी! पूर्ण पक्कड साडेचार इंचांची आहे. म्हणजे मूठ माझ्या तळहातापेक्षा आखूड, म्हणूनच टोकं मधोमध रुततात. सहा वर्षांत हे लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

सर्वात जास्त कळ कापताना येते. त्याखालोखाल २० गेजची तार वळवताना. बारीक तार ओढताना उजव्या हाताला फार त्रास होत नाही, पण डाव्या हाताची चिमटी संध्याकाळी उघडतच नाही. सांगाडा धरून ठेवायचं काम त्याचंच. बधिरपणा नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.

एक सांगायचं राहिलं. बांगड्यांना मी मेमरी वायर (गोल वेढ्याचा आकार न सोडणारी तार) वापरते आणि तीही याच कटरने कापते.

---

गुजरीकर

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. कोल्हापुरात गुजरीत चाळीस वर्षं बसलोय. वडील साज करायचे, मी साज आणि ठुशी दोन्ही. आता नजर साथ देत नाही म्हणून मुलगा बसतो, पण हत्यारांची निवड अजून माझ्याकडेच आहे.

मेमरी वायर म्हणजे कडक पोलाद. बारीक कामाचा कटर हा तांबं, पितळ, चांदी, सोनं यांच्यासाठी असतो. त्याने एकदा पोलाद कापलं की धारेला खाच पडते. मग पितळेची तार त्या खाचेत शिरते, कापली न जाता चेंगरते, आणि तुम्ही दुप्पट जोर लावता. कटर मिटवून ट्यूबलाइटसमोर धरा. धारांच्या मधून उजेड दिसला की तो कटर गेला. माझा अंदाज आहे की तुमच्या कापतानाच्या कळेचं निम्मं कारण ही खाच आहे. आज संध्याकाळीच बघा आणि सांगा.

मेमरी वायरला वेगळा, कडक तारेचा कटर ठेवा. त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका द्या म्हणजे घाईत चुकीचा उचलला जाणार नाही. तोवर दोन पकडींनी तार मागे-पुढे वाकवून तोडा, तीन-चार वेळा वाकवली की तुटते. तुटताना टोक उडतं, म्हणून चष्मा घाला आणि टोक रुमालाखाली धरा.

आता तारेबद्दल. पक्कड बदलण्याआधी तार बघायची असते, हे कुणी सांगत नाही. तार दुप्पट जाड झाली तर कापायला चौपट आणि वाकवायला आठपट जोर लागतो. तुम्ही २० गेज म्हणता, पण कुठलं? आपल्या बाजारात जुनं ब्रिटिश माप चालतं, त्यात २० गेज म्हणजे ०.९१ मिमी. ऑनलाइन मागवलेल्या रिळावर बरेचदा अमेरिकन माप असतं, त्यात २० म्हणजे ०.८१ मिमी. दिसायला फरक नखाएवढाही नाही, पण वाकवायला ब्रिटिश मापाची तार चाळीसेक टक्के जास्त जोर खाते. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर तारेचे दहा वेढे पेन्सिलीवर चिकटून घाला आणि पट्टीने मोजून दहाने भागा. तारेचा आकडा असा स्वतः काढा, दुकानदाराच्या तोंडचा घेऊ नका.

दुसरं, कडकपणा. पितळ वाकवलं की ताठर होत जातं. एकच वळण तीनदा दुरुस्त करणाऱ्याचा हात लवकर दुखतो, कारण तिसऱ्या वेळी तार पहिल्यासारखी राहिलेली नसते. तांब्या-चांदीला आम्ही ताव देऊन पुन्हा मऊ करतो. तुमची तार मुलाम्याची असणार, तिला ताव दिला तर मुलामा काळवंडेल. म्हणून घेतानाच मऊ तार मागा. एक वीत तुकडा बोटाने वाकवून बघा. सोडल्यावर ती किती मागे येते त्यावरून कळतं.

आता पक्कड. वडिलांनी मला दुकानात उभं करून शिकवलं होतं तसं सांगतो.

पक्कड मिटवून उजेडाकडे धरा. टोकं आधी मिळाली पाहिजेत, मग मागचा भाग. टोकं मिळत नसतील तर बारीक तार निसटते आणि माणूस आवळत राहतो. मग एक मूठ धरून दुसरी आडवी हलवा. सांध्यात जरासुद्धा खेळ असेल तर परत ठेवा. ज्या सांध्यात एक भाग दुसऱ्याच्या पोटातून आरपार जातो, त्याला बॉक्स जॉइंट म्हणतात. तो वर्षानुवर्षं ढिला होत नाही. नुसते एकावर एक ठेवून रिव्हेट मारलेले सांधेही चांगले असतात, पण तिथे घडण बघावी लागते. जबड्यांना आतून दात नकोत. दातांनी मुलामा खरवडतो, आणि खरवडू नये म्हणून माणूस जपून, अवघडून धरतो. त्या अवघडण्याचंच पुढे दुखणं होतं. कडा बोचऱ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या.

मग स्प्रिंग. पक्कड सलग तीस वेळा उघडझाप करून बघा. दुकानदार काय म्हणेल याचा विचार करू नका. तीस वेळांत पंजा भरून आला तर दिवसाच्या हजार वेळांत काय होईल? स्प्रिंग इतकीच हवी की मूठ आपणहून उघडेल. त्याहून कडक असेल तर प्रत्येक वेळी तार वाकवण्याआधी तुम्ही स्प्रिंगच वाकवत असता. स्प्रिंगच नसेल तर बोटांनी मूठ उघडत बसावं लागतं, तेही वाईट.

शेवटी मूठ. ती तळहाताच्या बाहेर थोडी तरी निघाली पाहिजे. तुमच्या ७८ मिमीच्या तळहाताला ६८ची मूठ म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल. मूठ लांब आणि जबडा आखूड असला की तरफ तुमच्या बाजूने काम करते. आणि जाड तार जबड्याच्या टोकात धरू नका, सांध्याजवळ धरा. टोकं फक्त बारीक तारेसाठी. राउंड नोजमध्ये मोठी कडी मागच्या जाड भागावर वळवायची, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. घरी बसून एकट्याने शिकलेल्यांना हे सांगायला कुणी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. वडिलांची बैठक मांडी घालून होती, कोपर कायम मांडीवर किंवा गुडघ्यावर टेकलेलं. तुम्ही जेवणाच्या टेबलावर बसत असाल तर तुमची कोपरं अधांतरी असणार. बघा बरं.

---

चांदीवेडी

काकांचं मेमरी वायरचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझा पहिला चांगला कटर मी असाच घालवला.

मी चांदीचं काम करते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं होतं: करवत आणि कानस. तरी एक गोष्ट सगळ्यांना लागू होईल. मी नीडल फाइल, म्हणजे बारीक कानशी, तशाच, बिनमुठीच्या वापरायचे. पेन्सिलीपेक्षा बारीक दांडा तासभर धरला की तर्जनी सुन्न. आता प्रत्येक कानशीला लाकडी मूठ बसवली आहे आणि त्यावर बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप गुंडाळली आहे. खर्च नगण्य. करवतीचंही तसंच. मी ती मुठीत गच्च आवळायचे. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पक्षी धरल्यासारखी धर. पात्याचे अडीच-तीन दात पत्र्याच्या जाडीत बसले आणि पात्याला मेण लावलं की ती आपणहून चालते. त्याहून जाड दातांचं पातं पातळ पत्र्यात अडकतं आणि आपण ढकलत बसतो.

मोतीनथ ताई, तुमच्या डाव्या हातासाठी: रिंग क्लॅम्प म्हणून एक लाकडी वस्तू मिळते. एका जबड्यात वस्तू धरायची, दुसऱ्या टोकाला पाचर ठोकायची, जबड्यांना आतून चामडं असतं. मुळात अंगठ्या धरायला केलेली आहे, पण सांगाड्याचं एक टोक त्यात छान बसेल. मग तुम्ही चिमटीऐवजी एक जाडसर लाकडी दांडा अख्ख्या मुठीत धरता. लोखंडी छोटा हातशेगडाही (हँड व्हाइस) चालतो, फक्त त्याच्या जबड्यांना चामडं लावून घ्या. चिमटीतून मुठीत येणं हा माझ्या मते कुठल्याही महागड्या पकडीपेक्षा मोठा फरक आहे.

आणि कड्या उघडायला बोटात घालायची खाचेची अंगठी मिळते. कडीचं एक टोक त्या खाचेत, दुसरं पकडीत. दोन पकडी धराव्या लागत नाहीत.

---

हस्तोपचार_पुणे

मोजमापं वाचून बरं वाटलं. बधिरपणा नाही हेही चांगलं. गुजरीकर काकांनी जे सांगितलं ते आमच्या क्षेत्रातल्या आकड्यांशी जुळतं. नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकन सरकारी संस्था. तिने हत्यारं निवडण्याबद्दल २००४ साली एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात बारीक कामाच्या पकडीसाठी असं दिलंय: मिटल्यावर दोन मुठींमधलं अंतर साधारण २५ मिमीपेक्षा कमी नको आणि उघडल्यावर ७५ मिमीपेक्षा जास्त नको. मूठ तळहाताच्या सर्वात रुंद भागापेक्षा लांब हवी. तुमच्या हाताला ९० ते १०० मिमीची मूठ, म्हणजे पूर्ण पक्कड साडेपाच-सहा इंचांची, बरी पडेल. अंतर मोजताना मुठींच्या बाहेरच्या कडांपासून मोजा.

बोटांच्या खाचांबद्दल तुम्ही विचारलंत. त्या घेऊ नका. खाचा कुणाच्या तरी सरासरी बोटांच्या असतात. तुमची बोटं बारीक असतील तर खाचेचा उंचवटा बरोबर बोटाखाली येतो आणि दिवसभर तिथे टोचतो. फारच मऊ फोमही नको. तो दबतो, मग हाताला पकड पक्की वाटत नाही आणि आपण नकळत जास्त आवळतो. जरा घट्ट रबर, न घसरणारं, हे सर्वात चांगलं.

मनगट सरळ राहतंय का हे मात्र पकडीपेक्षा बसण्यावर ठरतं. वाकलेल्या मनगटाने मुठीची ताकद घटते. मुलाला सांगून काम करताना बाजूने एक फोटो काढून घ्या आणि बघा. कोपराखाली उशी किंवा पाट ठेवून टेबल योग्य उंचीचं करता येतं. दिवा डावीकडून, अगदी जवळ. अंधुक उजेडात आपण पुढे झुकतो आणि आवळून धरतो.

पंचवीस-तीस मिनिटांनी घड्याळ लावून उठाच. उठल्यावर हात चेपत बसू नका. बोटं पूर्ण उघडा, पंजा पसरा, खांदे मागे घ्या. इतकंच पुरे.

---

डावखुरा

एक छोटी सूचना, महाग पकडींना हात घालण्याआधी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघा. सर्किटच्या कामाच्या पकडी आणि कटर आपल्या तारेच्याच मापाचे असतात. मऊ स्प्रिंग, जबड्यांना दात नाहीत, मुठी जाड. मी मोबाइल दुरुस्तीतून मोत्यांकडे आलो, जुनीच हत्यारं वापरतो. दुकानदार हातात धरू देतात, हे महत्त्वाचं.

स्वीडनच्या लिंडस्ट्रॉमच्या आरएक्स मालिकेत मूठ किती उघडावी हे आपल्या हाताप्रमाणे लावता येतं. अमेरिकेच्या ट्रोनेक्समध्ये आखूड आणि लांब अशा दोन मुठी मिळतात. दोन्ही उत्तम, पण काही हजारांच्या घरात. मी फक्त कटर त्या दर्जाचा घेतला, पकडी साध्याच ठेवल्या. सर्वात जास्त जोर कापण्यात जातो, म्हणून पैसे तिथे घातले. माझ्यासारख्या डावखुऱ्यांनी कटर घेताना सपाट बाजू कुठे येते ते धरून बघावं, बाकी पकडींना डावं-उजवं नसतं.

---

मोतीनथ_कल्याण

सगळ्यांना नमस्कार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

आधी डॉक्टरांचं. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज नुकती सुरू झाली आहे. रात्री आणि घरकाम करताना घालायला अंगठ्याची पट्टी दिली आहे, काही व्यायाम दिले आहेत. काम बंद करा असं म्हणाले नाहीत, कमी करा म्हणाले.

काका, तुम्ही लिहिलंत त्याच संध्याकाळी कटर ट्यूबलाइटसमोर धरला. एक नाही, तीन ठिकाणी उजेड दिसला. मला रडूच आलं. दिवाळीपासून मी दुखण्याला वयाचं कारण देत होते.

लॅमिंग्टन रोडला गेले. आठ कटर हातात धरले, प्रत्येकाची तीस वेळा उघडझाप केली. चौथ्या दुकानातल्या मुलाने स्टूल दिलं बसायला आणि स्वतःहून तारेचे तुकडे आणून दिले कापून बघायला. देव त्याचं भलं करो. शेवटी मधल्या किमतीचा कटर घेतला, मूठ ९४ मिमी. पहिल्यांदा तार कापली तेव्हा कापल्याचं कळलंच नाही, मी अजून दाबतच होते. सपाट पक्कड त्याच मापाची घेतली. राउंड नोज मात्र मनासारखी मिळाली नाही, जुनीच वापरते. तिच्या मुठींवर सायकलची जुनी ट्यूब चढवली आहे, टोकं झाकली जातील इतकी पुढे. रुततं अजून, पण कमी. आणि मोठ्या कड्या आता मागच्या भागावर वळवते.

तारेचे दहा वेढे घातले. माझी 'वीस गेज' ०.९१ निघाली. दहा नथींचे सांगाडे ०.८१ मिमीच्या मऊ तारेवर केले. पेशवाई नथीला ती थोडी लवचीक वाटते, मोत्यांच्या वजनाने आकार किंचित खुलतो, म्हणून मोठ्या नथींना जुनीच तार ठेवली. बानूला आणि लहान नथींना नवीन. गिऱ्हाइकांपैकी कुणाला फरक कळलेला नाही.

कोपराखाली दोन पाट ठेवले आहेत. ते सासूबाईंनी माळ्यावरून काढून दिले, त्यांच्या लग्नातले आहेत.

मेमरी वायरच्या बांगड्या मी थांबवल्या. वेगळा कटर घेऊनही त्या कापताना अंगठा बोलतोच. तेवढी कमाई गेली, पण त्या बदल्यात तीन नथी जास्त होतात, हिशेब जवळपास बसतो.

कळ गेलेली नाही. आधी अर्ध्या तासाने यायची, ती आता दुपारनंतर येते. लोणच्याची बरणी अजून मुलगाच उघडतो.

रिंग क्लॅम्प आली, पण तिच्याशी माझं जमत नाही. सांगाड्याचं टोक त्यात धरलं की मोती बांधताना सांगाडा फिरतो, मग मी पुन्हा डाव्या चिमटीत धरते. चांदीवेडी ताई, काका, मी कुठे चुकतेय?

---

गुजरीकर

ताई, सांगाडा फिरतो कारण तुम्ही गोल तार दोन सपाट चामड्यांत धरताय. नथीचा जो सरळ दांडा नाकाकडे जातो, त्याचं टोक आधी कापू नका. एक इंच जास्त ठेवा आणि ते काटकोनात वाकवून मग क्लॅम्पमध्ये घाला. वाकलेला भाग चामड्यावर आडवा बसला की फिरायला जागा राहत नाही. सगळे मोती बांधून झाले की तो इंच नवीन कटरने कापायचा. थोडी तार वाया जाते, जाऊ दे.

चामडं नवीन असेल तर गुळगुळीत असतं. पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या. आणि पहिला मोती क्लॅम्पपासून किमान एका मोत्याएवढा लांब ठेवा, नाहीतर पाचर ठोकताना तडकेल.

राउंड नोज कोल्हापुरात मिळते का बघतो. तळहात ७८ म्हणालात ना, माझ्या सुनेचाही तेवढाच आहे. तिच्या हातात धरून बघून सांगतो.

---

मोतीनथ_कल्याण

काका, वाकवून बघितलं. बसलं! आत्ता सात मोती बांधून झाले, सांगाडा हलला नाही आणि डावा हात मोकळा आहे. बाकीची नथ पूर्ण करून उद्या फोटो टाकते.